बटाट्यातला श्वास

बटाटा चिरून ठेवला की थोड्या वेळाने तो काळा पडतो. म्हणून घरोघरी बटाट्याच्या फोडी पाण्यात टाकून ठेवतात. ही काळजी आपल्या आजीनेही घेतली आणि आईनेही. तो काळा का पडतो, हे बहुधा कुणी विचारले नाही. बटाटा श्वास घेतो का, आणि घेत असेल तर आपल्यासारखाच घेतो का, हा प्रश्न तर स्वयंपाकघरात सहसा उपस्थित होत नाही. पण १९३८-३९ च्या सुमारास केंब्रिजमधील एका प्रयोगशाळेत एक मराठी मुलगी नेमक्या याच प्रश्नाशी झुंजत होती. तिचे नाव कमला भागवत. पुढे डॉ. कमला सोहोनी म्हणून मुंबईच्या विज्ञानविश्वात त्यांनी आपली मुद्रा उमटवली आणि ज्या संस्थेत त्या प्राध्यापक होत्या, तिच्या संचालकपदापर्यंत त्या पोहोचल्या.

कमलाबाईंचे नाव घेतले की दोन गोष्टी हटकून सांगितल्या जातात. एक, त्या दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी. दुसरी, सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि महत्त्वाच्याही. पण या दोन गोष्टींच्या गर्दीत त्यांचे प्रत्यक्ष काम मात्र मागे राहून गेले. ज्या माणसाने आयुष्यभर प्रयोगशाळेत कष्ट उपसले, त्याची ओळख त्याच्या बहिणीवरून आणि त्याच्या अपमानावरून व्हावी, हे काही न्याय्य नव्हे.

रसायनशास्त्राचे घर

भागवतांच्या घरात रसायनशास्त्र पाहुणे नव्हते, ते घरातलेच होते. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि बंगळूरच्या टाटांच्या संस्थेचे, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे, अगदी सुरुवातीच्या काळातले विद्यार्थी. इंदूरमध्ये जन्मलेल्या दोघी बहिणींपैकी थोरलीने, दुर्गेने, संस्कृत, लोकसाहित्य आणि मानवशास्त्राची वाट धरली. धाकटीने वडिलांचे आणि काकांचे शास्त्र निवडले. मुंबई विद्यापीठातून १९३३ साली तिने रसायनशास्त्र हा मुख्य आणि पदार्थविज्ञान हा दुय्यम विषय घेऊन बी.एस्सी. केले. गुणवत्ता यादीत तिचे नाव सर्वांत वर होते.

आता पुढे कुठे जायचे, हा प्रश्न तिच्या मनात नव्हताच. वडील जिथे शिकले, काका जिथे शिकले, तिथेच. तिने बंगळूरला अर्ज पाठवला. त्याच वर्षी संस्थेच्या संचालकपदी रामन आले होते. तीन वर्षांपूर्वीच त्यांना नोबेल पारितोषिक मिळालेले. साऱ्या देशाच्या अभिमानाचा विषय झालेला तो माणूस. त्यांच्या कार्यालयातून नकार आला. कारण गुणांचे नव्हते, पात्रतेचे नव्हते. अर्जदार मुलगी होती, एवढेच.

त्या काळात असा नकार आलेल्या मुलींनी काय केले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. बहुतेकींनी तो मुकाट्याने सोसला असेल. कमला मात्र थेट बंगळूरला गेली आणि रामन यांच्यापुढे उभी राहिली. ते दिवस गांधीजींच्या सत्याग्रहाचे होते. मिठाचा सत्याग्रह होऊन तीनच वर्षे झाली होती. अन्यायाच्या दारात शांतपणे ठाण मांडून बसायचे, हे शस्त्र साऱ्या देशाने पाहिले होते. या मुलीने ते एका नोबेल विजेत्याच्या दारात वापरले. प्रवेश मिळाल्याशिवाय हलणार नाही, असा तिचा निर्धार होता.

रामन अखेरीस नमले, पण अटी घालून. पहिले वर्ष तिला नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते, तिचे काम पाहून मगच ते ठरायचे होते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा, काम करावे लागणार होते. आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतले वातावरण बिघडता कामा नये, अशी तिसरी अट होती. या तिसऱ्या अटीत काय गृहीत धरले होते, ते वेगळे सांगायला नको. कमलेने तिन्ही अटी मान्य केल्या. पण हा अपमान आहे, हे ती विसरली नाही. पुढे साठ वर्षांनीही, सन्मानाच्या समारंभांत बोलताना, त्या ही गोष्ट सांगत आणि रामन यांच्या थोरवीबरोबर त्यांच्या या संकुचितपणाचीही नोंद करीत.

मार्गदर्शक म्हणून लाभलेले श्रीनिवासय्या हे कडक शिस्तीचे, पण शिकवण्याची हौस असलेले गृहस्थ होते. त्यांच्या हाताखाली कमलेने दूध, कडधान्ये आणि डाळी यांतील प्रथिनांवर काम सुरू केले. गरिबाच्या ताटात मांस-अंडी येत नाहीत. त्याचे प्रथिन डाळीतूनच यायचे. त्यामुळे डाळीत नेमके काय आहे, हा तेव्हाही आणि आजही साधा प्रश्न नाही. १९३५ साली या कामावरचा शोधनिबंध इंग्लंडच्या बायोकेमिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरातच रामन यांची खात्री पटली. तिला नियमित प्रवेश मिळाला आणि तिच्यानंतर इतर मुलींसाठीही संस्थेचे दार किलकिले झाले. १९३६ मध्ये तिने मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. विशेष प्राविण्यासह मिळवली.

दार किलकिले झाले, असेच म्हणायला हवे. ते सताड उघडले नव्हते. पुढे त्याच संस्थेत रामन यांच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या अण्णा मणी यांनी हवामानशास्त्रात मोठे नाव कमावले, पण त्यांच्या प्रबंधाला डॉक्टरेट मिळाली नाही. एम.एस्सी. नाही, असे तांत्रिक कारण त्यासाठी पुढे करण्यात आले. एकीने दार ठोठावले म्हणून दुसरीची वाट सोपी होतेच असे नाही.

पेशीतले रहाटगाडगे

१९३७ साली कमला केंब्रिजला पोहोचली. हे वर्ष जीवरसायनशास्त्राच्या इतिहासात फार मोठे आहे. याच वर्षी शेफील्ड येथे हान्स क्रेब्ज या जर्मनीतून परागंदा झालेल्या शास्त्रज्ञाने सायट्रिक आम्ल चक्राचा सिद्धांत मांडला. हिटलरच्या राजवटीत नोकरी गेल्यावर क्रेब्ज यांना पहिला आसरा दिला तो केंब्रिजच्या सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांनी. ज्या प्रयोगशाळेत कमला दाखल झाली, ती याच हॉपकिन्स यांची. म्हणजे जिवंत पेशी अन्नातून शक्ती कशी मिळवते, हे कोडे जिथे सुटत होते, त्या अंगणातच ती येऊन उभी राहिली होती. तिच्या कामाचे मोल कळायचे तर हे कोडे थोडे समजून घ्यायला हवे.

लाकूड जळते तसेच अन्नही आपल्या शरीरात जळते. दोन्हींत ऑक्सिजन खर्च होतो, दोन्हींतून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी निघते. पण लाकडाचा भडका उडतो, आणि आपण भाकरी खाऊन पेटत नाही. याचे कारण पेशी हे ज्वलन एका दमात करीत नाही. भाकरीतल्या पिठाची साखर होते, साखरेच्या सहा कार्बनच्या रेणूचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात आणि त्यातून आणखी एक कार्बन गळून दोन कार्बनचा तुकडा उरतो. हा तुकडा पेशीत आधीच वाट पाहत असलेल्या चार कार्बनच्या एका आम्लाला जोडला जातो आणि सहा कार्बनचे सायट्रिक आम्ल तयार होते. लिंबाला आंबट करणारे आम्ल ते हेच. मग आठ पायऱ्यांतून या आम्लाचे रूप पालटत जाते, वाटेत दोन कार्बन वायूरूपाने बाहेर पडतात आणि शेवटी पुन्हा तेच चार कार्बनचे आम्ल हाती येते, पुढचा तुकडा उचलायला मोकळे. विहिरीवरच्या रहाटगाडग्यासारखे हे आहे. गाडगी खाली जातात, भरून वर येतात, रिकामी होतात, पुन्हा खाली जातात. रहाट तोच, पाणी मात्र दर फेरीला नवे.

या रहाटाने वर काढलेले पाणी म्हणजे इलेक्ट्रॉन. तेच खरे शक्तीचे धन. ते थेट ऑक्सिजनच्या हवाली केले तर भडकाच उडेल. म्हणून विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लावून घागरी हातोहात पुढे द्याव्यात, तसे काही वाहक रेणू हे इलेक्ट्रॉन एकमेकांकडे सोपवत नेतात. प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी शक्ती सुटते आणि ती पेशी साठवून ठेवते. या रांगेतले शेवटचे वाहक म्हणजे सायटोक्रोम नावाची प्रथिने. त्यांच्या पोटात, रक्तातल्या हिमोग्लोबिनप्रमाणेच, लोह असते. रांगेच्या अगदी टोकाला सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकर उभे असते. इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या हाती देण्याचे काम त्याचे. सायनाइडचे विष माणसाला क्षणार्धात मारते ते याच विकराचा हात धरून ठेवून. फुप्फुसात हवा असते, रक्तात ऑक्सिजन असतो, आणि तरीही पेशी गुदमरतात.

सायटोक्रोमचा शोध केंब्रिजच्याच डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये लावला होता. साध्या हातातल्या वर्णपटदर्शकातून पाहताना त्यांना जनावरांच्या स्नायूंत आणि यीस्टमध्ये प्रकाशाच्या ठरावीक काळ्या पट्ट्या दिसल्या होत्या. वरच्या दर्जाच्या वनस्पतींतही या रंगद्रव्याच्या खुणा त्यांना आढळल्या होत्या. पण खुणा असणे वेगळे आणि त्या वनस्पतीचे श्वसन त्याच मार्गाने चालते असे सिद्ध होणे वेगळे. हिरव्या पानात हरितद्रव्याचा रंग इतका गडद की बाकीच्या खुणा त्यात बुडून जातात. आणि बटाट्यासारख्या बिनहिरव्या कंदाविषयी वेगळाच वाद होता. बटाटा चिरल्यावर त्याला काळा पाडणारे जे विकर त्यात भरपूर असते, तेच बटाट्याच्या श्वसनाचा शेवटचा टप्पा सांभाळत असावे, असा तर्क त्या काळात मांडला गेला होता. तो खरा ठरला असता तर प्राणी एका रीतीने श्वास घेतात आणि वनस्पती दुसऱ्या रीतीने, असे मानावे लागले असते.

एक टेबल, दोन पाळ्या

केंब्रिजला गेल्यावर कमलेपुढे पहिली अडचण आली ती जागेची. हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत सर्व टेबले भरलेली होती. डेरेक रिश्टर नावाच्या संशोधकाने आपले टेबल दिवसा तिला वापरायला दिले. प्रयोगशाळेतल्या टेबलाची ही वाटणी हा तिच्या आयुष्यातला एक छोटा, पण बोलका प्रसंग आहे. एका संस्थेत वातावरण बिघडेल म्हणून दार बंद होते, दुसरीत जागाच नसताना कुणी आपली जागा अर्धी करून देतो. हॉपकिन्स यांच्याकडे मार्जोरी स्टीफन्सन, डोरोथी नीडम अशा स्त्रिया बरोबरीने काम करीत होत्या. अर्थात तिथेही सारे सोन्याचे नव्हते. केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पदवीचे पूर्ण अधिकार दिले ते १९४८ मध्ये. तोवर पुरुषांइतकाच अभ्यास करूनही त्यांच्या पदरी केवळ नावापुरती पदवी पडत असे.

रिश्टर यांच्याबरोबर तिने फिनॉलवर काम करणाऱ्या विकरांचा अभ्यास केला. बटाट्याला काळे पाडणारे विकर याच कुळातले. रिश्टर दुसरीकडे गेल्यावर ती रॉबिन हिल यांच्या हाताखाली आली. हिल हे वनस्पतींच्या जीवरसायनशास्त्रातले अव्वल नाव. पानातून वेगळे काढलेले हरितकण प्रकाशात ऑक्सिजन सोडतात, हे त्यांनी नुकतेच दाखवून दिले होते. सायटोक्रोमवर त्यांनी केलिन यांच्यासमवेत पूर्वी काम केले होते. या दोघांच्या परंपरेचा धागा कमलेच्या हाती आला आणि तिने बटाटा हाती घेतला.

या कामातून निघालेला निष्कर्ष थोडक्यात असा की, सपुष्प वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी आणि त्याला ऑक्सिजनशी जोडणारे सायटोक्रोम ऑक्सिडेज ही जोडी काम करीत असते. हिल आणि भागवत या दोन नावांनी हा निष्कर्ष १९३९ मध्ये नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आपल्याकडे अनेकदा कमलाबाईंनी सायटोक्रोमचा शोध लावला, असे लिहिले जाते. ते खरे नाही, आणि त्यांच्या मोठेपणासाठी तसे लिहिण्याची गरजही नाही. खुणा आधी दिसल्या होत्या. त्या खुणांमागचे यंत्र वनस्पतीतही चालते आहे, हे दाखवणाऱ्या पहिल्या कामांत त्यांचा वाटा आहे. विज्ञानात बहुतेक मोठी कामे अशीच होतात, आधीच्यांनी अर्धवट ठेवलेली वीट उचलून ती जागी बसवण्याची.

केंब्रिजला आल्यापासून अवघ्या चौदा महिन्यांत, जेमतेम चाळीस टंकलिखित पानांचा प्रबंध तिने सादर केला. जाडजूड प्रबंधांच्या त्या काळात ही पानांची संख्या परीक्षकांनाही चकित करणारी होती. १९३९ मध्ये तिला पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असा कमलाबाईंचा उल्लेख होतो. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने १९३१ मध्येच विज्ञानातील डॉक्टरेट दिली होती, हे येथे लक्षात ठेवलेले बरे. कोण पहिली, यापेक्षा अशा पहिल्या वाटाव्यात इतक्या त्या थोड्या होत्या, ही गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे.

परतीचा रस्ता

१९३९ मध्ये युरोपवर युद्धाचे ढग जमत असताना डॉ. कमला भागवत मायदेशी परतल्या. परदेशात राहून मूलभूत संशोधन करण्याची वाट त्यांच्यापुढे मोकळी होती. पण गांधीजींच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता आणि आपले शास्त्र आपल्या लोकांच्या कामी यावे, ही ओढ होती. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग त्यांनी सांभाळला. स्त्रियांसाठीच्या या महाविद्यालयात शिकवणे त्यांना जमले, पण संशोधनाला तिथे फारसा वाव नव्हता. मग निलगिरीतल्या कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून त्यांनी जीवनसत्त्वांच्या परिणामांचा अभ्यास केला.

सायटोक्रोमकडून जीवनसत्त्वांकडे जाणे ही वरवर पाहता विषयाची फारकत वाटेल. वस्तुतः तो एकाच रस्त्यावरचा पुढचा टप्पा होता. पेशीतल्या त्या रहाटाच्या विकरांना जे साहाय्यक रेणू लागतात, ते ब गटातल्या जीवनसत्त्वांपासूनच तयार होतात. थायमिन, रायबोफ्लेविन, नायसिन यांच्यावाचून रहाट अडतो. लोहावाचून सायटोक्रोम बनत नाही. कुपोषित माणसाला थकवा येतो, तो आळशी म्हणून हिणवला जातो, तेव्हा खरे तर त्याच्या पेशीतले गाडगे रिकामे फिरत असते. पोषणाचा प्रश्न हा शेवटी पेशीच्या श्वासाचाच प्रश्न आहे.

काळ्या घोड्याजवळची प्रयोगशाळा

१९४७ मध्ये विमागणिती माधव सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईत आल्या. त्या वेळी दक्षिण मुंबईतल्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग सुरू होत होता. त्याच्या प्राध्यापकपदी त्यांची निवड झाली आणि १९४९ पासून पुढची वीस वर्षे हीच त्यांची कर्मभूमी ठरली.

काळ्या घोड्यापासून रीगल सिनेमाकडे जाताना जी भव्य वास्तू दिसते, ती हीच. जॉर्ज विटेट यांनी आखलेली, सर कावसजी जहांगीर, सर जेकब ससून, सर करीमभाई इब्राहिम, वसनजी मुळजी अशा मुंबईकर दानशूरांच्या देणग्यांतून उभी राहिलेली. येथून चालत गेले तर एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय फार दूर नाही. त्या ग्रंथालयाच्या एका टेबलाशी थोरली बहीण दुर्गाबाई लोककथांची पाने चाळत वर्षानुवर्षे बसली. दोन बहिणी, फोर्टच्या दोन टोकांना, एक लोकांच्या मनात काय साठले आहे ते शोधणारी आणि दुसरी लोकांच्या अन्नात काय आहे ते शोधणारी.

कमलाबाईंनी विद्यार्थ्यांसाठी निवडलेले विषय पाहण्यासारखे आहेत. त्यात परदेशी नियतकालिकांत झळकणारे फॅशनचे विषय नव्हते, तर आपल्या कोठीघरातले डबे होते. वालाचेच उदाहरण घ्या. वालाची उसळ करायची तर आदल्या दिवशी वाल भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून सोलायचे आणि मगच डाळिंब्या शिजवायच्या, हा आपला रिवाज. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी याच वालातून ट्रिप्सिनला अडवणारे एक प्रथिन वेगळे करून त्याचे स्फटिक मिळवले आणि १९५५ मध्ये ते काम नेचरमध्ये प्रसिद्ध केले. ट्रिप्सिन हे आपल्या आतड्यातले प्रथिने पचवणारे विकर. कच्च्या वालातले हे प्रथिन त्यालाच जखडून टाकते. मग ताटात प्रथिन असूनही ते अंगी लागत नाही. उष्णतेने अशा घटकांचा जोर मोडतो. कडधान्य नीट शिजवून खाण्याच्या शहाणपणाला प्रयोगशाळेने दिलेली ही साक्षच म्हणायची. भारतातल्या भाज्या आणि कडधान्यांतील अशा घटकांची पद्धतशीर तपासणी त्यांच्या विभागाने १९५०च्या दशकातच केली.

आणि मग नीरा. ताड-माड-शिंदीच्या झाडावर रात्री मडके बांधायचे, सूर्य वर येण्याआधी उतरवायचे, म्हणजे मिळते ती गोड, ताजी नीरा. ऊन चढले की ती आंबते आणि तिची ताडी होते. दारूबंदीच्या त्या काळात ताडी उतरवणाऱ्यांच्या पोटाचा प्रश्न होता आणि नीरा हे त्यावर एक उत्तर मानले जात होते. मुंबईच्या रेल्वे स्थानकांजवळची नीरा विक्री केंद्रे जुन्या मुंबईकरांच्या स्मरणात असतील. नीरेच्या पोषणमूल्याचा अभ्यास कमलाबाईंनी हाती घेतला तो राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून. नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह लक्षणीय प्रमाणात आहेत आणि नीरेपासून गूळ केल्यावरही त्यांतले बरेचसे टिकते, असे त्यांच्या विभागाला आढळले. आदिवासी समाजातल्या कुपोषित किशोरवयीन मुलांच्या आणि गरोदर स्त्रियांच्या आहारात ही स्वस्त भर घातल्यास त्यांच्या प्रकृतीत सुधारणा होते, असेही या अभ्यासातून दिसले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळाले. आरे दूध योजनेलाही त्यांनी दुधाची प्रत राखण्याच्या कामी सल्ला दिला.

या साऱ्या व्यापात केंब्रिजचा धागा तुटला नव्हता. रॉबिन हिल यांच्यासमवेत वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजवरचा सविस्तर निबंध १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा त्या मुंबईत होत्या, विभाग उभा करीत होत्या, आणि निबंधावरचे आडनाव अजून भागवत होते.

उशिरा मिळालेली खुर्ची

संस्थेच्या संचालकपदावर त्यांचा अधिकार ज्येष्ठतेने आणि कर्तृत्वाने होता. पण अंतर्गत राजकारणामुळे ते पद त्यांना चार वर्षे उशिरा मिळाले. बंगळूरच्या त्या पहिल्या नकाराला आता तीन दशके उलटून गेली होती. देश स्वतंत्र झाला होता, राज्यघटनेने स्त्री-पुरुष समानतेची ग्वाही दिली होती, आणि तरीही एका कर्तबगार स्त्रीला तिची हक्काची खुर्ची देताना व्यवस्थेचा हात आखडत होता. या वेळी नकाराचे कारण कुणी उघडपणे सांगितले नाही. फरक असलाच तर एवढाच. पद मिळाले तेव्हा अशा मोठ्या विज्ञानसंस्थेचे संचालकपद भूषवणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना झाली. केंब्रिजला आपले टेबल वाटून देणाऱ्या रिश्टर यांनाही या बातमीचे विशेष कौतुक वाटले. १९६९ मध्ये त्या निवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९६६ साली मुंबईतल्या नऊ स्त्रियांनी एकत्र येऊन कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहकांची संघटना स्थापन केली होती. ग्राहकाचे हक्क हा शब्दप्रयोगच तेव्हा नवा होता. कमलाबाई तिच्या कामात पहिल्यापासून होत्या आणि १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्षाही झाल्या. संघटनेच्या कीमत या नियतकालिकातून त्यांनी लिहिले. हळदीत, मसाल्यात, डाळीत काय मिसळले जाते आणि ते घरच्या घरी कसे ओळखायचे, हे गृहिणींना समजेल अशा भाषेत सांगणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. नेचरमध्ये निबंध लिहिणारा हात वाण्याच्या पुडीची परीक्षाही तितक्याच गांभीर्याने करीत होता.

दोन्ही बहिणींच्या स्वभावात एक गोष्ट समान होती. १९७५ च्या आणीबाणीत कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई सत्तेविरुद्ध निर्भयपणे उभ्या राहिल्या, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. पण त्याच्या बेचाळीस वर्षे आधी धाकटी बहीण, कुणी टाळ्या वाजवायला नसताना, एका मोठ्या माणसाच्या दारात तशीच उभी राहिली होती. थोरलीच्या धैर्याचा इतिहास झाला. धाकटीचे धैर्य तिच्या प्रयोगवहीत मिटून राहिले.

१९९८ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सन्मान आयोजित केला होता.  त्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि त्यानंतर लवकरच त्यांचे निधन झाले. जून २०२३ मध्ये गूगलने आपल्या मुखपानावर त्यांचे चित्र झळकवले, तेव्हा अनेक मराठी घरांत हे नाव प्रथमच उच्चारले गेले.

सायटोक्रोम सीची कहाणीही पुढे फार दूर गेली. १९६०च्या दशकात निरनिराळ्या सजीवांतल्या या प्रथिनाची घटकशः तुलना सुरू झाली. माणसातल्या सायटोक्रोम सीमध्ये १०४ अमिनो आम्लांची साखळी असते. चिंपांझीची साखळी तंतोतंत तीच. गव्हाच्या साखळीशीही माणसाची साखळी अर्ध्याहून अधिक जागी जुळते. या तुलनेवरून १९६७ मध्ये सजीवांचा वंशवृक्ष रेखाटला गेला. माणूस, घोडा, कोंबडी, किण्व, गहू हे सारे एकाच जुन्या घरातले, याचा हा रेणूंच्या भाषेतला दाखला.

ज्या मुलीला तू वेगळी आहेस म्हणून दाराबाहेर थांबवले गेले, तिने पुढे हातात बटाटा घेऊन नेमके याच्या उलट दाखवले. प्राण्याचा श्वास आणि झाडाचा श्वास वेगळा नाही. राजाच्या पेशीत जो रहाट फिरतो तोच रंकाच्या पेशीत फिरतो, आणि तोच मातीखालच्या कंदातही. निसर्गाने ही यंत्रणा वाटताना कुणाचे कूळ पाहिले नाही, कुणाचे लिंग पाहिले नाही. पाहतो तो माणूस. पुढच्या वेळी बटाट्याच्या फोडी पाण्यात टाकताना ही गोष्ट घरातल्या शाळकरी मुलीला जरूर सांगावी. कोणत्या ना कोणत्या दारात तीही उद्या उभी राहणारच आहे.